सूरजबाईंचं लाल

निता राठोड लहानपणापासून भित्री. मेडशीजवळच्या तांड्यात तिच्या भित्रेपणाचे किस्से अजून चवीनं सांगतात. पाल दिसली की ही खाटेवर, बैलानं मान हलवली की ही बांधापलीकडे. एसटीत वाहकानं नुसतं "सुट्टे द्या" म्हटलं तरी हिच्या तोंडचं पाणी पळायचं. अशी पोरगी वाशिमला खोली घेऊन एकटी राहील आणि लोकांच्या दुकानांच्या वेबसाइट बनवून पोट भरील, असं कुणी म्हटलं असतं तर तिच्या बापानंच, फुलसिंगनं, त्याला वेड्यात काढलं असतं. पण ती गेली. मोबाइलवर बघून बघून काम शिकली, आणि भीत भीत का होईना, चांगलं शिकली. भित्र्या माणसाचा एक गुण मानावा लागतो, तो प्रत्येक गोष्ट तीनदा तपासतो.

तरी चुकायचं ते चुकलंच.

वाशिमच्या बाजारात चंपालाल शेठचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचे पंप आणि कीडनाशकं, ज्यांना आपल्याकडे सगळे 'औषध' म्हणतात. घर जैन. शेठच्या बायकोला, सूरजबाईंना, किडामुंगी मारायचा माल विकणं कधीच पटलं नाही. शेठनं धंदा सोडला नाही आणि बाईंनी हट्ट सोडला नाही. शेवटी तोड निघाली ती अशी. मुलानं, जिनेशनं, दुकानाची वेबसाइट काढली तेव्हा बाईंनी पहिल्याच पानावर अर्ध्या पडद्याएवढा लाल त्रिकोण टाकायला लावला, जहाल औषधाच्या डब्यावर असतो तसा. तो दाबला की फोन थेट बाईंच्या मोबाइलवर लागायचा. फवारताना कुणाला औषध लागलं, गरगरलं, की काय करायचं, काय करायचं नाही, ते बाई सांगणार. त्यासाठी एका डॉक्टरकडे चार दिवस बसून त्या सगळं शिकून आल्या होत्या. "जहर आपण इकतो तं उतारा बी आपणच सांगाव," एवढंच त्यांचं म्हणणं.

औषध घेणाऱ्याच्या मोबाइलमध्ये जिनेश ती वेबसाइट दुकानातच ठेवून द्यायचा. खेड्यापाड्यात तिला कुणी वेबसाइट म्हणत नसे. 'सूरजबाईंचं लाल' म्हणत.

यंदा पेरण्या आटोपल्यावर शेठनं निताला बोलावलं. "पोरी, लय जुनाट दिसते आपलं हे. गिऱ्हाइकानं पाह्यलं की तबियत खुश झाली पायजे, असं कर."

निता तीन आठवडे खपली. हिरव्यागार सोयाबीनचे फोटो घातले. भाव एका ठिकाणी आणले. तांड्यात नेटवर्क रडतखडत येतं हे तिला ठाऊक, म्हणून पान पटकन उघडेल अशी तजवीज केली. उरला तो लाल त्रिकोण. तो पाहिला की तिला अंगावर काटा यायचा. दुकानाच्या दारात कुणी मयताचं सामान मांडतं का? तिनं तो काढला आणि कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबल्या की उघडणाऱ्या यादीत, 'मदत' या शब्दाखाली, सुबक अक्षरांत ठेवला: 'विषबाधा झाल्यास फोन करा'. त्रिकोणाच्या जागी एकच लाल बटण आलं, 'पंपावर सवलत'. लाल अशासाठी की नजर आधी लालवर जाते, हे ती शिकली होती.

सवयीप्रमाणे तीनदा तपासलंही. जिनेशला दिलं, त्याच्या बायकोला, खुशबूला, दिलं, शेजारच्या खोलीतल्या अंजूला दिलं. सगळ्यांना 'मदत' चार सेकंदांत सापडली. सूरजबाईंनी मात्र चष्मा लावून मोबाइल दूर धरला, जवळ धरला.

"माह्यं लाल कुठी गेलं?"

"आहे काकू. आत आहे. इथं 'मदत' लिहिलंय ना, तिथं."

"हं," बाई म्हणाल्या. "वाचणाऱ्याले सापडन."

ते शब्द निताला खटकले. पण शेठचा चेहरा फुलला होता, आणि आता शेठचं मन फिरेल याचीच तिला जास्त भीती. भित्र्या माणसाचं हे असंच असतं, जिथं भ्यायचं तिथं नेमका तो भीत नाही.

रविवारी नवी वेबसाइट सुरू झाली. किती लोक आले, त्यांनी कुठं बोट लावलं, याचा हिशोब निताला घरबसल्या दिसायचा. मंगळवारी सकाळपर्यंत लाल बटण एकशे त्रेचाळीस वेळा दाबलं गेलं होतं. तिनं जिनेशला कळवलं. त्यानं अंगठा पाठवला. कित्येक दिवसांनी निता त्या सकाळी निवांत पोहे खात बसली.

पावणेअकराला फोन वाजला. याडीचा. तांड्यात आईला याडीच म्हणतात. धनीबाई कामाच्या वेळी कधी फोन करत नसे.

"निते, लाल कुठी गेलं वं?"

"काय झालं?"

"तुह्या बापाले औषध लागलं. पंप गळून राह्यला होता, सारी पाठ वली झाली. उलट्या होऊन राह्यल्या, तोंडातून फेस येते. मी लाल दाबून राह्यली तं पंपाचा फोटो येते. दाबलं की पंप, दाबलं की पंप."

निता भिंतीला टेकून खालीच बसली. "कधीचं दाबतेस?"

"झाले पंधरा मिन्टं."

"मग मले फोन काहून नाही केला?"

"तू लय भेतं," याडी म्हणाली. "म्हटलं अगोदर बाईले इचारू."

धनीबाईला अक्षर येत नाही. फुलसिंगला येत नाही. तांड्यात फवारायला जाणाऱ्या निम्म्या लोकांना येत नाही. निताला हे माहीत नव्हतं का? तिच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. पण तिनं तपासून घेतलं ते वाचणाऱ्यांकडून.

तिनं सूरजबाईंना त्याच फोनवर जोडलं. बाईंचा आवाज जराही हलला नाही.

"धनीबाई, डब्यावर कोणता तिकोन हाय?"

"लाल."

"हातात काय हाय तुमच्या?"

"मिठाचं पाणी. पाजाव म्हटलं, पोटातलं पडून जाईन."

"फेका ते. काहीच पाजू नका. अंगावरचे कपडे काढा, साबण लावून सारं आंग धुवा, पाणी पुरवून वापरू नका, ओता. कुशीवर निजवा. गाडी पाहा, डबा संगं घ्या, डॉक्टरले तो दाखवा."

पाण्याचा आवाज आला. तांड्यातल्या धरमसिंगचा ऑटो बांधापर्यंत आल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

निताला धावत सुटायचं होतं, पण तिला बाहेर पडवेना. बाहेर फवारणीचे दिवस होते. सकाळचे अकरा वाजले होते. अनसिंगपासून मेडशीपर्यंत या घडीला किती पाठींवर पंप असतील, आणि त्यातल्या किती जणांच्या मोबाइलमध्ये तिनं बनवलेलं ते देखणं पान असेल, ते ती मोजू लागली. आयुष्यात इतकी ती कधी भ्याली नव्हती. पालीला, बैलाला, वाहकाला भ्याली ती भीती स्वतःपुरती होती. तिनं लाल त्रिकोण परत पहिल्या पानावर आणला, होता त्याहून मोठा. सवलत काढून टाकली.

मग तिनं तोच हिशोब पुन्हा उघडला. एकशे त्रेचाळीस. सकाळी पाहून हरखली होती तो आकडा, एव्हाना वाढलेला. आता बारकाईनं पाहिलं. काही जण पंपाच्या भावापर्यंत गेले होते. पुष्कळ जण दोन-तीन सेकंदांत परत फिरले होते. एका मोबाइलवरून आज सकाळी सात वेळा बटण दाबलेलं, ती याडी. आणि दुसरा एक मोबाइल. सोमवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. अकरा वेळा. त्यानंतर काहीच नाही.

नंबर कळायची सोय नव्हती. गावही कळत नव्हतं.

ती वाशिम जिल्ह्यातल्याच मालेगावच्या दवाखान्यात पोचली तेव्हा फुलसिंगच्या नाकात नळी होती. डॉक्टरांनी डबा टेबलावर ठेवला होता. अंग वेळेत धुतलं, मिठाचं पाणी पाजलं नाही, डबा आणला, म्हणून लवकर इलाज सुरू करता आला, असं ते म्हणाले. तरी दोन रात्री त्यांनी भरवसा दिला नाही. निता खाटेच्या दांडीला धरून बसायची आणि बापाची छाती वरखाली होते का ते मोजायची. पाचव्या दिवशी फुलसिंग नीट बोलला. पहिलं वाक्य: "काहून वं, पंपावर सवलत हाय म्हणते?" सगळे हसले. निताला रडू फुटलं.

अकरा वेळा दाबणाऱ्याचा तिनं शोध घेतला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, दवाखान्यांत विचारलं, पेपर चाळले. काही हाती लागलं नाही. जिनेश समजावत म्हणाला, "पंपाचा भाव पाहून राह्यलं असन कोणी. सापडला नसन, म्हणून दाबलं. तुमी कायले भेता?" निताला ते खरं मानायचं होतं. पूर्वी सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसताना सूरजबाई मोबाइल खुशबूकडे देत. आता आसनाच्या बाजूला ठेवतात.

फुलसिंग घरी आल्यावर निता दोन दिवस तांड्यात राहिली. दुपारी ओट्यावर तिनं याडीच्या हातात मोबाइल दिला. "दाखव, लाल कुठं आहे?" धनीबाईनं न बघितल्यासारखं करून अचूक बोट ठेवलं. तेव्हा निता तिला त्या दुसऱ्या मोबाइलबद्दल बोलली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

धनीबाई बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

"मी सात येळा दाबलं," ती म्हणाली. "मंग तुले फोन केला. त्यानं अकरा येळा दाबलं." तिनं निताकडे पाहिलं. "त्याले फोन कराले कोणी नसन काय वं?"