टॅबची कळ आपाची

आपा कुठल्याही ॲड-इनची परीक्षा अंगठ्यानं घ्यायची. दिग्रसला ती जिनिंग मिलांसाठी प्रोग्राम लिहायची आणि मी तिच्या हाताखाली शिकत होते. संधिवातानं तिची बोटं वाकायला लागली होती. म्हणून संगणकाच्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्यांतून ती प्रोग्राम लिहायच्या एडिटरला जोडायची ॲड-इन्स शोधायची, दोन अक्षरं टाकली की पुढचा शब्द सुचवणारी आणि टॅबची कळ दाबली की तो पुरा करणारी. प्रत्येकावर कापसाच्या वजनपावतीचा तोच प्रोग्राम पुन्हा लिहायचा. काम संपायच्या आत अंगठा ठणकला, की ॲड-इन नापास!

"मले दोन अक्षरं टाकू दे, बाकीचं त्यानं लिवावं," एवढीच तिची अट. एक ॲड-इन फार शहाणं निघालं. कळ दाबायच्या आधीच भलभलतं सुचवायचं. "हे माह्या फुफासारखं हाय. लग्नात कोनाले बोलूच देत नाही," असं आत्याच्या नवऱ्याचं नाव घेत तिनं ते काढून टाकलं. शेवटी एक साधंसं पास झालं. ते आपाचेच नेहमीचे शब्द लक्षात ठेवून तिला परत द्यायचं. त्या दिवशी तिनं सगळ्यांना जिलबी खाऊ घातली.

पुढे कापसाचे वाईट दिवस आले. एकेक मिल बंद पडली, आमची कामं गेली. आपाचं वजनपावतीचा प्रोग्राम लिहिणं मात्र चालूच. मी न राहवून विचारलं, "आपा, काटाच बंद हाय, तं हे कायले करून राह्यल्या?"

"मिल बंद झाली. मी झाली काय बंद?"

मग बोटंही कामातून गेली. आपा सांगायची, मी टाइप करायची. सूचना आली की मात्र माझा हात बाजूला सारायची. "टॅब माहा. त्याले हात नको लावजो." डावीकडे बसून वळलेल्या मुठीनं ती कळ दाबायची, शब्द पुरा व्हायचा, आणि चेहरा उजळायचा. प्रोग्राम अजून तीच लिहीत होती.

त्याच हिवाळ्यात आपा गेली.

आता पुण्यात माझ्या पडद्यावर अख्ख्या ओळी सुचतात. शेजारची मुलं खटाखट टॅब दाबतात आणि मला हसतात. हसू देत बापडी. फिकट अक्षरांत सूचना येते, माझे हात आपोआप थांबतात. डावीकडून कुणी येत नाही. मग मी उरलेली ओळ एकेक अक्षर टाकून पुरी करते.