लिफ्टकाकांची हरकत नाही

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. एकतीस वर्षं झाली. आमच्या भागातल्या चाळीस-पन्नास इमारतींत ह्यांना खऱ्या नावाने ओळखणारा माणूस सापडायचा नाही, लहानथोर सगळे लिफ्टकाकाच म्हणतात. राग आला की मीसुद्धा म्हणते. आणि राग मला बऱ्याचदा येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई नवऱ्याचे गोडवे गाते आहे असं कुणी म्हणायला नको. बाजारात पाठवलं तर हे चारातली एक वस्तू हमखास विसरतात. भांडायला उभं राहावं तर समोरच्याचीच बाजू घेतात. आता भांडणात एकटीनेच बोलायचं, तर त्यात मजा ती काय?

पण एक आहे. मी घरीच शिवणकाम करते. चाळिशी लागली आणि माझ्या डोळ्यांनी दगा दिला, तेव्हापासून रोज कामावरून आले की हे तेल निघेपर्यंत हात घासून धुतात, खिडकीपाशी बसतात आणि दहा सुयांत दोरे ओवून ठेवतात. पाच पांढरे, तीन काळे, दोन निळे. एवढ्या जाड बोटांना ते कसं जमतं कोण जाणे. आमचा अबोला असला तरी सुया चुकत नाहीत. अबोला धरणारी मीच असते, ते वेगळं सांगायला नको.

ह्यांचं काम मी एकदाच जवळून पाहिलं. डबा विसरले होते, तो द्यायला गेले तर त्या इमारतीत चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकलेली. आत एक बाई रडत होत्या. मला वाटलं, हे धावत वर जातील, मशीनच्या खोलीत. छे! हे आधी दारापाशी चक्क जमिनीवर बसले आणि फटीला तोंड लावून म्हणाले, "मी आलोय. पंखा चालू आहे ना? आता मी वर जाऊन हाताने चाक फिरवतो. लिफ्ट जराशी हलेल, घाबरायचं नाही." मग वर गेले. दहा मिनिटांत बाई बाहेर. लगेच इमारतीचे सेक्रेटरी मागे लागले, "चला, आता चालू करून टाका, लोक खोळंबलेत." ह्यांनी बटण बंदच ठेवलं. म्हणाले, "माणूस सुटला. लिफ्ट का अडकली ते अजून कळलं नाही. ते कळल्याशिवाय मी कुणाला आत पाऊल ठेवू देणार नाही." सेक्रेटरींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण हे बधले नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळे जिन्याने चढले आणि ह्यांना बोल लावत राहिले.

तर असा हा माणूस. आता कर्जाचं सांगते.

आमच्या लेकीला फिजिओथेरपी शिकायची होती. फी ऐकून मी कपाळाला हात लावला. बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं, जामीनदार म्हणून दोघांच्या सह्या. लेक पास झाली, दुसऱ्या गावात नोकरीला लागली, पण पगार असा की खोलीचं भाडं भरलं की हातात चहापुरते उरायचे. मग हप्ता आम्ही तिघांनी मिळून ओढला. नऊ वर्षं. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं धरली. मी दुसऱ्यांच्या पडद्यांना काठ मारले.

त्याच नऊ वर्षांत माझं एक चाललं होतं. कोपऱ्यावर औषधांच्या दुकानाशेजारी एक गाळा आहे. लहानसाच, पण समोरून उजेड येतो. तिथे माझं शिवणाचं दुकान काढायचं होतं. मशीन खिडकीत, कापायचं टेबल मागे, कपडे बदलायला पडदा, सगळं मी डोळ्यांपुढे मांडून ठेवलेलं. त्याच्या अनामत रकमेसाठी पै पै साठवली. ती पुरी झाली, गाळाही रिकामा झाला, आणि त्याच आठवड्यात, तोवर लग्न झालेल्या लेकीचा फोन आला की तिला दिवस गेलेत, आता नोकरी किती महिने जमेल सांगता येत नाही. हप्ते उरले होते चौदा.

ह्यांनी मला विचारलं नाही, असं म्हणता येणार नाही. विचारलं. चहा गार होईपर्यंत समोर बसून राहिले आणि मग म्हणाले, "अगं, पोरीच्या डोक्यावरचं एकदाचं उतरवून टाकायचं का?" आणि मी, शहाणी मी, म्हटलं, "टाका." अनामतीचे सगळे पैसे बँकेत भरले. कर्ज निल झाल्याचा कागद हातात घेऊन हे घरी आले तेव्हा इस्त्री केल्यासारखे ताठ चालत होते.

बरोबर विसाव्या दिवशी सरकारने जाहीर केलं की सात वर्षांहून जुन्या शैक्षणिक कर्जांची उरलेली रक्कम माफ करण्याचा विचार आहे.

विसाव्या दिवशी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस दिवस थांबलो असतो तर गाळा माझा होता. इमारतीत ज्याला त्याला हसू. "काय लिफ्टकाका, तुमची लिफ्ट जरा लवकरच पोचली!" हे त्यांच्याबरोबर हसायचे. मला मेलं हसूही येईना आणि रडूही.

मग घरी आले चष्मेवाले. पुढच्या गल्लीत राहतात, नाकावर जाड काचा, सगळे तसंच म्हणतात. माणूस वाईट नाही. दोन मुलांची कर्जं फेडता फेडता त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं, आता काठी घेऊन चालतात. कर्ज फेडून बसलेल्यांची त्यांनी संघटना काढली होती. सरकार हरकती मागवत होतं, सुनावणी होणार होती, आणि संघटनेच्या हरकत अर्जात शेवटची ओळ होती, 'फेडणाऱ्यांना त्यांचा पैसा परत मिळेपर्यंत माफी थांबवावी.'

"तुमच्यासारखं उदाहरण नाही," चष्मेवाले म्हणाले. "वीस दिवसांनी हुकलं! तुम्ही उभे राहिलात तर ऐकावंच लागेल. अहो, शिस्तीने फेडणारा मूर्ख ठरला तर उद्या फेडेल कोण?"

मला शंभर टक्के पटलं. हे म्हणाले, "सुनावणीला येतो. बोलतोही. सहीचं बघू." सहीचं बघू म्हणजे काय, हे मला तीस वर्षांच्या संसारानंतर चांगलं ठाऊक. म्हणून हे कामावर गेल्यावर मी चष्मेवाल्यांकडे गेले आणि सहजामीनदार म्हणून माझी सही ठोकून आले. ह्यांना सांगितलं नाही. माझं दुकान गेलं होतं, ह्यांचं नाही.

त्याच दुपारी तिसऱ्या मजल्यावरची नर्स आली. आमच्या लेकीची शाळेतली वर्गमैत्रीण, भाड्याने एकटी राहते. तिनेही कर्ज काढून शिक्षण केलं, पण पहिली दोन वर्षं नोकरी मिळाली नाही आणि व्याज चढत गेलं. इतकी वर्षं भरते आहे आणि कर्ज घेतलं होतं त्याहून मोठं झालंय. हे मला तिने नाही, लेकीने सांगितलं होतं. ती फक्त युनिफॉर्म घेऊन आली. "काकू, कमरेत जरा घट्ट करून द्याल?" वर्षात तिसऱ्यांदा. "डाएट चाललंय," म्हणाली. मी कपडे शिवते बाई, मला डाएट आणि उपाशीपोटी केलेल्या ड्युट्या यातला फरक कळतो. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. ही माया आता इतकी झाली होती की आत जाड पट्टा व्हायला लागला. "जास्तीचं कापून टाका ना काकू, टोचतं," ती म्हणाली. मी हो म्हटलं. सही केलेला हात होता तो, कात्री धरवेना. काय झालं होतं मला कोण जाणे.

सुनावणी सरकारी कचेरीच्या मोठ्या खोलीत होती. टेबलामागे तीन अधिकारी, मधोमध एक मॅडम, शेजारी नावं पुकारणारा कारकून. मी शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. पुढच्या रांगेत चष्मेवाले अगदी खुशीत. ह्यांचा नंबर आला. हे धुतलेला शर्ट घालून उभे राहिले, हात मागे बांधून, शाळेत उभे राहतात तसे.

"मी लिफ्ट दुरुस्त करतो," ह्यांनी सुरुवात केली. मी मनात म्हटलं, झालं, आता मोटारीपासून सगळं सांगणार. "एकतीस वर्षांत अडकलेली किती माणसं बाहेर काढली, मोजली नाहीत. कुणी पाच मिनिटं अडकतं, कुणी दोन तास. एकदा एका इमारतीत दोन्ही लिफ्ट अडकल्या. पहिल्या लिफ्टमधले आजोबा दोन तासांनी बाहेर आले, घामाने निथळत होते. मी म्हटलं, घरी जा, पाणी प्या. ते गेले नाहीत. दुसऱ्या लिफ्टच्या दारापाशी बसून आतल्या माणसाशी बोलत राहिले. आतापर्यंत बाहेर आलेला एकही माणूस मला म्हणाला नाही की मी दोन तास काढले, आता ह्यालाही दोन तास होऊ द्या, मग उघडा."

मग हे मॅडमकडे बघून म्हणाले,

"मी कर्ज फेडून बाहेर आलोय. जे आत आहेत त्यांना काढा, माझी हरकत नाही. पण मॅडम, माणूस काढून बटण पुन्हा चालू करू नका. लिफ्ट अडकते का, ते बघा. फी एवढी का, व्याज असं का चढतं, ते बघा. नाहीतर उद्या पुन्हा तेच."

"तुमचे पैसे वीस दिवसांच्या फरकाने गेले," मॅडम म्हणाल्या. "वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. झोप लागत नाही." हे म्हणाले, "माझ्या बायकोचं दुकान होतं त्यात."

एवढ्यात कारकुनाने कागद उलटला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "याच खात्यावर सहजामीनदार, म्हणजे यांच्या पत्नी, यांचा हरकत अर्ज आहे. माफी थांबवावी म्हणून."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. सगळी खोली मागे वळली. हे पण वळले. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओशाळतील, सारवासारव करतील, बायकोला काही कळत नाही म्हणतील. शंभरातले नव्वद नवरे तेच म्हणतील.

हे टेबलाकडे वळून म्हणाले, "तिचं नीट ऐकून घ्या, मॅडम. ती खोटं बोलत नाहीये. नऊ वर्षं थांबलीय ती. मी मोठ्या मनाने बोललो, पण पैसे तिचे होते. माझ्यापेक्षा तिचा हक्क जास्त आहे." आणि बाजूला सरकून त्यांनी मला जागा करून दिली.

अहो, काय म्हणावं या माणसाला! भांडणात समोरच्याची बाजू घेतात म्हणून मी जन्मभर बोल लावला, आणि त्या दिवशी समोर मीच होते.

मी उभी राहिले. तोंडाचा पट्टा सुरू व्हायला मला कधी वेळ लागत नाही. "मला माझं दुकान हवंय," मी म्हटलं. "कुणी विसरायचं नाही ते. हसण्यावारी न्यायचं नाही. आम्ही वेळेवर फेडलं, त्याची किंमत मी दिलीय." चष्मेवाले मान डोलावत होते. "पण आमच्या इमारतीत एक मुलगी आहे. दिवसरात्र लोकांचं दुखणं काढते आणि तिचा युनिफॉर्म मी वर्षात तीनदा कमरेत घेतलाय. तिला अजून रोखून माझं दुकान येणार असेल, तर तसल्या दुकानात मला मशीन चालवता यायचं नाही. ती शेवटची ओळ काढा."

"अर्जातली ओळ खोडता येत नाही," कारकून म्हणाला. "नवा अर्ज द्यावा लागेल."

"मग द्या की कोरा कागद!"

तिथेच उभ्या उभ्या लिहिला. आम्ही फेडलं, त्यात माझं दुकान गेलं, ते भरून द्या, पण त्यासाठी कुणाची माफी थांबवू नका. चष्मेवाले माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. त्यांचंही मला लागतं, गुडघे त्यांचेच गेलेत.

येताना आम्ही चालतच निघालो. मग हे म्हणाले, "मला सांगितलं असतंस."

"तर काय केलं असतंत?"

"चष्मा आणून दिला असता. सही पार ओळीच्या खाली गेलीय तुझी."

पाच महिन्यांनी निकाल लागला. उरलेल्या कर्जातलं निम्मं माफ. फेडलेल्यांना एक छापील पत्र, परताव्याची तरतूद नाही. फी आणि व्याज यावर अवाक्षर नाही. ह्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "निम्मा माणूस बाहेर काढलाय. लिफ्ट तशीच." तेव्हापासून दर महिन्याला त्या कचेरीला एक पोस्टकार्ड लिहितात, लिफ्ट का अडकते ते बघा म्हणून. उत्तर येत नाही. हे लिहायचं सोडत नाहीत. गाळ्यात आता मोबाईलवाला बसतो. मी त्या बाजूने जायचं टाळते, खोटं कशाला बोलू.

परवा संध्याकाळी नर्स आली, हातात तोच युनिफॉर्म. जरा ओशाळून म्हणाली, "काकू, या वेळी कमरेत सैल करायचाय. होईल का? जास्तीचं तर आपण कापून टाकलं होतं ना?"

मी शिवण उलटी केली आणि टाके उसवायला घेतले. कापड सगळं आत होतं, तिन्ही वेळचं, दुमडून टाचलेलं. ती बघत राहिली. खिडकीपाशी बसलेल्या ह्यांनी काही न विचारता पांढरा दोरा ओवलेली सुई माझ्यापुढे धरली.