चिमटीवाला

सन १९८६. मी साठ वर्षांचा होतो आणि नरडाण्याच्या बाजाराला येणारे सगळे भामटे मला तोंडावरून ओळखू येत. पण त्या साली मेहरूण गावाहून आलेल्या माणसाइतका संशयास्पद माणूस मी जन्मात पाहिला नाही. भामटा काय लुबाडायला आलाय ते घटकाभरात कळतं. हा काहीच मागत नव्हता.

कुठल्याशा संस्थेचा होता. पोरांना हगवण लागली तर पाजायचं पाणी कसं करायचं, ते घरोघर बायांना शिकवी. उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी, मूठभर गूळ आणि तीन बोटांची चिमटी मीठ. ना सुई, ना बाटली. गावानं त्याचं नाव चिमटीवाला ठेवलं. रामराम घातला तर तो आपल्या तोंडाकडं न बघता बोटांकडं बघे. मीठ पहिल्या पेरापर्यंतच धरायचं, हा त्याचा कायदा. आणि आमच्या कापूस वेचणाऱ्या बाया चिमटी म्हणत अन् मूठ भरत. एका लग्नात तर त्यानं मीठ वाढणाऱ्याचा हात धरला, "बोटं दाखवा!" सगळी पंगत वरणाची वाट बघत बसली.

त्याची दुसरी खोड याहून वाईट. पाणी आसवांपेक्षा खारट होता कामा नये, असं तो म्हणे. एकदा मयतीच्या घरी रडणाऱ्या बायांना जाऊन हळूच म्हणाला, "चव ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडंल." मयताच्या पोरांनी त्याला वेशीपर्यंत पळवला. त्याची एक चप्पल माझ्या अंगणात पडली. ती मी पुरावा म्हणून ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी हा नवी चप्पल घालून पुन्हा हजर!

दुसरीत शाळा सोडली तरी मला एवढं कळत होतं, की फुकट देणारा नंतर वसूल करतो. नसबंदीच्या साली असेच गोड बोलणारे जीप घेऊन आले होते. आमचे बाप्ये कपाशीत लपले होते. मी त्याला सरळ विचारलं, "बठ्ठं फुकट शे, मंग तुले काय भेटस?"

"आबा, महागाचं औषध चार गावांत संपतं. चिमटी बठ्ठ्या खान्देशाला पुरते."

सगळ्याला आम्ही 'बठ्ठा' म्हणतो; तो आमचा शब्द त्याच्या तोंडी ऐकून माझा संशय दुप्पट झाला.

त्या पावसाळ्यात हगवणीची साथ आली. माझी नात पडली, आणि समोरच्या चुलतभावाचा नातूही. चुलतभावाशी बांधावरून माझी बोलचाल बंद होती. हगवणीत पाणी तोडायचं, ही आमची रीत. वरून घातलं की खालून जातं. दुसऱ्या दुपारी पोर रडेना. रडायला आसूच येईना. सून चिमटीवाल्याला घेऊन आली आणि पाणी करून माझ्यापुढं उभी राहिली.

"आबा, पोरना डोया आत गयात. पाजू द्या."

मी तांब्या चिमटीवाल्यापुढं केला. "पयले तू पे."

तो घोटभर प्याला. पडतो का ते बघत मी थांबलो. पडला नाही. मग मी चाखलं.

"खारं शे."

"आसवांपेक्षा?" त्यानं विचारलं.

"माले काय ठाऊक? मी बाप मेला तव्हय बी रडनू नही."

सुनेनं आपल्या गालावरचं आसू बोटानं टिपून जिभेला लावलं, मग तांब्यातलं पाणी चाखलं. "आबा म्हनतस ते खरं शे. खारं व्हयनं." तिनं ते ओतून दिलं आणि नवं केलं. मी खारं म्हटलं ते खरं होतं, एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. नव्या पाण्याला मात्र मी नाही म्हटलं नाही. ती चमच्या-चमच्यानं पाजत राहिली. दिवे लागायला पोर मुतली, आणि तिनं भाकरीसाठी भोकाड पसरलं. गालावरून आसवं ओघळली.

चिमटीवाला तेवढं बघून हसला. "तुमच्या गावाचं काम झालं, आबा," म्हणाला आणि एसटीत बसला. तो कधीतरी वसुलीला येणार म्हणून मी कितीक वर्षं फाट्याकडं नजर ठेवली. मत मागायला आला नाही, अंगठा घ्यायला आला नाही. चप्पल न्यायलासुद्धा आला नाही मेला. ती अजून गोठ्यात टांगलेली आहे.

तो एसटीत बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण ओलांडून चुलतभावाच्या दारात गेलो. आजारी नातवाजवळ बसलेली त्याची सून घाबरून उठली. "चिमटी दाखव," मी म्हटलं. तिनं पाणी केलं आणि तांब्या माझ्यापुढं धरला.

"बराबर शे का, आबा?"

मी चाखलं. "बराबर शे. आसवांइतकंच."

ती चव मला कधीपासून ठाऊक, ते तिनं विचारलं नाही.