काकूंनी नाव घेतलं

...तर काल आपण वीणाकाकूंना बँकॉकच्या बाजारात एकटं उभं करून जेवायला उठलो, ते काही बरं केलं नाही. भोवती माणसांचा महापूर, आणि काकूंच्या हातात एकनाथकाकांचा हात नाही!

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागं जातो. वीणाकाकू आपल्या फ्रीमाँटच्याच. वाईजवळच्या खेड्यातून नवऱ्यामागोमाग अमेरिकेत आल्या, फ्रीवेवर गाडी पळवायला शिकल्या, शाळेच्या कॅफेटेरियात गोऱ्या पोरांना वाढलं. सगळं अंगवळणी पडलं, पण नवऱ्याचं नाव काही तोंडातून फुटलं नाही. लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. पुढचा सगळा संसार "अहो"वर. शेजारची डोरोथी तर इतकी वर्षं काकांना "गुड मॉर्निंग, मिस्टर आहो!" म्हणत आली, आणि काकाही भल्या माणसासारखे हात हलवत आले.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात काकांना झटका आला. हातपाय सावरले, पण आठवणीला भोकं पडली. डॉक्टर काकूंना म्हणाला, "त्यांना नावानं हाक मारत जा. बरं असतं." काकू पदराआड हसल्या, "इश्श! डॉक्टर, यू कॉल!"

मग शहाऐंशीच्या उन्हाळ्यात दोघं मुलखाला निघाली. विमान बदलायचं म्हणून बँकॉकात अख्खा दिवस मिळाला. काका काय खूश! सोन्याचे कळस पाहिले, नदीत होडीतून फिरले, निजलेल्या बुद्धाच्या पावलांपाशी तर काका हलेचनात. "अहो, चला आता," म्हणत काकूंनी हात धरून बाजारात आणलं. तिथं घोटभर शहाळं प्यायला म्हणून हात सोडला, अन् वळून बघतात तर काका नाहीत.

पासपोर्ट पर्समध्ये, गोळ्या पर्समध्ये, हॉटेलचं कार्डसुद्धा पर्समध्ये. आणि ज्याला सकाळी नाश्ता केला का तेही आठवत नव्हतं, तो माणूस गर्दीत!

काकू धावतपळत बाजाराच्या चौकीत गेल्या. तिथं खांबाखांबावर कर्णे बांधलेले, आणि मायक्रोफोनपाशी एक गोड मुलगी.

"हजबंड नेम?"

काकूंच्या तोंडून सवयीनं गेलं, "अहो."

झालं! मुलीनं बाजारभर पुकारलं, "मिस्टर आऽऽ होऽऽ!" कोल्हेकुईच ती. लोक फिदीफिदी हसले. काका आले नाहीत.

काकूंनी नाव सांगायला तोंड उघडलं, तर ते नुसतं येईचना. सवयच नव्हती हो जिभेला! आणि आलं तरी काकांना ते आपलं म्हणून ओळखू येईल का? शेवटी त्यांनी मुलीच्या हातून मायक्रोफोन घेतला, डोक्यावर पदर ओढला, डोळे मिटले, आणि जसं जमत होतं तसं घेतलं.

"सातासमुद्रापल्याड मला दिलीत तुम्ही साथ,
असाल तिथून ओ द्या आता, अहो एकनाथ!"

बँकॉकच्या कर्ण्यांतून मराठी उखाणा! चौकीतली मुलगी बघतच राहिली. आणि तेवढ्यात छत्र्यांच्या गर्दीपलीकडून, शाळेत हजेरीला द्यावी तशी खणखणीत आरोळी आली, "ओ!"

एक हात वर झाला. हातात तिखटमीठ लावलेली कैरीची फोड. एका म्हातारीच्या टोपलीपाशी काका स्टुलावर बसले होते, कुठं जायचं ते न सुचून. काकू माणसं ढकलत पोचल्या आणि आधी त्यांचं मनगट धरलं, बांगड्या रुतेपर्यंत.

"कोण गं ती बाई?" काका म्हणाले. "फक्कड नाव घेतलं. मी म्हटलं, एकनाथ म्हणजे आपणच की!"

"आपणच," काकू म्हणाल्या, आणि मग मात्र रडल्या.

काकांनी उरलेली कैरी त्यांच्यापुढं धरली. "रडतेस काय? म्हणजे तूच होतीस ती! आता रोज नावानंच हाक मार ना. डॉक्टरही म्हणाला होता."

हे बरोब्बर आठवलं बघा त्यांना! काकूंनी डोळे पुसले, कैरी चावली, आणि हात न सोडता म्हणाल्या, "इश्श! हाताशी असलात की 'अहो' पुरतं. नाव मी लांबच्या हाकेला ठेवलंय, फक्त तुम्ही 'ओ' द्यायला विसरू नका."