बंद घरांच्या उंबऱ्यावरची हळद

त्या प्रकरणाला बरीच वर्षं झाली, पण ते आठवलं की मला अजून ओशाळल्यासारखं होतं. मी तेव्हा श्रीपेरुंबुदूरच्या पुढे एका लहान गावातल्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. गावात बंद घरं बरीच. मालक चेन्नईला नाहीतर परदेशात. महिन्याभरात अशा तीन घरांचे कोरीव सागवानी दरवाजे चौकटीसकट चोरीला गेले.

खबर चहावाल्याने दिली. दर रविवारी एक चष्मेवाला स्कूटरवरून येतो, पडक्या घरांचे फोटो काढतो, आणि तो येऊन गेला की दरवाजा जातो. पुढच्याच रविवारी आम्ही त्याला चौथ्या घरासमोर पकडला आणि भर बाजारातून जीपने ठाण्यात आणला. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका सरकारी कारखान्यात कारकून होता. कॅमेऱ्यात तिन्ही घरांचे फोटो सापडले. मी खूश झालो.

चौकशीत नाव-गाव विचारताच कळलं, तो आमच्याच तंजावरकडच्या मराठी घरातला. त्यालाही माझ्या आडनावावरून कळलं असावं. तो घरच्या मराठीत म्हणाला, "सार, फोटोत उंबऱ्याकडे बघा की. मी जायच्या आधीच तिथं कोणीतरी हळद लावून गेलंय."

खोलीत दोन हवालदार होते. साहेब आपल्या माणसाला सांभाळून घेतात, असं ते उद्या ठाणेभर सांगतील, ही मला धास्ती. मी तमिळमध्ये दरडावलं, विचारलं तेवढंच बोल. मग त्याने हळदीचं पुन्हा काढलं नाही. जुनी घरं पाडली जातात म्हणून फोटो काढून ठेवतो, एवढंच सांगत राहिला. दुसरा कोणी असता तर मी फोटो निदान पुन्हा पाहिले असते. याच्या बाबतीत मी ठरवून कडक झालो आणि त्याला निःपक्षपातीपणा समजलो. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं केलं, रिमांड मिळाला. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबित होतो. त्याचाही आदेश निघाला.

बुधवारी केस डायरीला फोटो जोडताना आमचे वयस्क हेड कॉन्स्टेबल थांबले. ते सुतारांच्या घरातले.
"सार, या घरात कोण राहतं?"
मी म्हटलं, कोणी नाही.
"मग चौकटीला ताजी हळद कोणी लावली?"

तिन्ही घरांच्या फोटोंत तेच होतं. उंबऱ्यावर हळद-कुंकू, चिरलेलं लिंबू, कापराचा काळा डाग. त्यांनी समजावलं की जुन्या वळणाचा आसारी, म्हणजे सुतार, घराची मुख्य चौकट अशीच उपटत नाही. आदल्या दिवशी पूजा करून घराची परवानगी घेतो. गावात असे दोनच आसारी उरले होते. त्या दोघांतल्या एकाच्या शेडमध्ये पेंढ्याखाली तिन्ही दरवाजे मिळाले. चहा यायच्या आत त्याने कबुली दिली: संशय फोटोवाल्यावर जावा म्हणून तो रविवारची रात्रच निवडायचा. चोरीची त्याला भीती वाटली नव्हती, पूजा चुकवायची मात्र वाटली होती.

कोर्टात अहवाल देऊन मी कारकुनाला सोडवलं, त्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलं आणि कॅमेरा परत द्यायला स्वतः आवडीच्या क्वार्टर्समध्ये गेलो. माझं चुकलं, असं स्पष्ट म्हणालो. त्याने मला आत बोलावलं नाही.

"तुमचं पत्र हापिसात फायलीला लागलं, सार," तो म्हणाला. "जीप मात्र सगळ्यांनी बघितली. शेजारणी विचारतात तेव्हा माझ्या बायकोनं काय सांगावं?"

मी गणवेशातच होतो. त्या मजल्यावरची चारही दारं वाजवली आणि प्रत्येक दारात सांगितलं, या गृहस्थांनी काही केलेलं नाही, चूक पोलिसांची होती, माझी होती. शेवटच्या दारातल्या म्हातारीने मला दोनदा सांगायला लावलं. मीही सांगितलं.

अटक सगळं गाव बघतं आणि सुटका कागदावर होते, हे मला त्या जिन्यात कळलं. पुढे निवृत्तीपर्यंत, निर्दोष सुटलेल्या माणसाला मी दिवसाउजेडी ठाण्याच्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसवून घरी सोडत आलो, आणि तो दारात शिरेपर्यंत रस्त्यावर उभा राहिलो.