बाळंतिणीचा डबा

"एवढं तिकडं पोचव" असं कुणी म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. परदेशात नोकरी करणाऱ्याला गावाकडं पोस्टमनच समजतात, राव! दिलेली प्रत्येक वस्तू मी उघडून बघायचो, पिशवीची शिवणसुद्धा उसवायचो. लोक हसायचे. हसू द्या. पकडलं तर आत मी जाणार होतो, ते नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. रजा संपत आली होती. जुन्नरच्या कचेरीतून दाखले काढून बोरीला परतलो, तर शेजारची मावशी डबा घेऊन ओट्यावर बसलेली. तिची लेक सलालाला, म्हणजे परदेशात मी राहायचो त्याच गावात, नुकतीच बाळंत झाली होती. जवळ माहेरचं कुणी नाही. डब्यात तिच्यासाठी डिंकाचे लाडू.

"खसखस?" मी आधी तेच विचारलं. आमच्याकडं बाळंतिणीच्या लाडवात ती लागतेच, आणि तिकडं कायद्यानं ती अफूच्याच रांगेत. सापडली की तुरुंग.

"न्हाई घातली रं. लेकीनं बजावलं व्हतं."

मला काही पटलं नाही. चिमूटभर घालून वर "तेवढ्यानं काय व्हतंय" म्हणणारी ही माणसं! पण बाळंतिणीचे लाडू फोडून बघणं बरं दिसेना, आणि नाही म्हणायलाही जीभ रेटेना. विकतचं दुखणं घेतलं झालं.

मस्कतच्या विमानतळावर बॅग कुणी उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी राहण्याच्या परवान्यावर शिक्का घ्यायला रांगेत उभा होतो. पुढचा माणूस सांगत होता, त्याच्या खोलीतल्या एकाला मसाल्यातल्या खसखशीपायी धरून नेलं, अजून पत्ता नाही. उरलेली कामं कशीबशी उरकली आणि तिसऱ्या दिवशी सकाळची सलालाची बस धरली. बारा तासांचा वाळवंटी रस्ता, वाटेत सामानाची तपासणी. शेजारच्या प्रवाशानं दोनदा विचारलं, डब्यात काय आहे? मला तोही पोलिसांचाच माणूस वाटायला लागला.

दुपारी बस जेवायला थांबली. हॉटेलामागं जाऊन मी एक लाडू फोडला. आत बारीक पांढरे दाणे. झालं! मावशीला दोन शिव्या हासडल्या, सगळे लाडू कचऱ्याच्या पिंपात ओतले आणि डबा विसळून घेतला. पुढं तपासणीच्या ठिकाणी शिपायानं बसमध्ये नुसतं डोकावून पाहिलं.

मावशीच्या लेकीला रिकामा डबा देताना सांगितलं, कस्टमवाल्यांनी लाडू काढून घेतले. तिनं झाकण उघडून वास घेतला. "घरच्या म्हशीचं तूप हाये," एवढंच म्हणाली.

पुढच्या रजेत मी विषय टाळत होतो, पण मावशीनंच काढला. "खसखस नसूनबी काढून घेतले व्हय? डिंक तळून हातानं बारीक कुटला व्हता मी. तिला चावाया तरास नको म्हणून."

डिंक! ते पांढरे दाणे डिंकाचे होते.

"बाळंतिणीच्या तोंडचा घास काढला मेल्यांनी. तळपट व्हईल त्यांचं!" मावशी म्हणाली. मग माझा हात धरून काळजीनं विचारलं, "तुला तर काई तरास दिला न्हाई ना, बाळा?"

"नाही," मी म्हणालो.