अर्लीनचं ओढ्याकाठचं कुरण

सिएराच्या डोंगरात चाळीस वर्षं खेचरांवरून सामान वाहिलं, तरी अर्लीन हॅस्केटला बढाई मारायची असली की ती ओढ्याकाठच्या लिलींचीच मारायची. तिच्या बापाच्या काळी खेचरांनी ते ओलं कुरण तुडवून निव्वळ चिखल केला होता. धंदा हातात आला तसा अर्लीननं तळ वरच्या कोरड्या खडकाळ पठारावर हलवला, तो कायमचा. खेचरं ती बांधत नसे. म्हातारी पांढरी घोडी तेवढी खुंट्याला, तिच्या गळ्यात घंटा. घंटेचा आवाज येतोय तोवर खेचरं घोडीला सोडून जात नाहीत.

त्या जुलैत वनखात्याची मरिसोल पाहणीला आली. कुरण तुडवलेलं दिसलं, तर ही वाट खेचरांना कायमची बंद होणार होती.

सकाळी अर्लीन उठून पाहते तो घोडी एकटीच.

"ड्यूई, घंटा कुठंय?"

धाकटा भाऊ कॉफी ढवळत म्हणाला, "झोपताना काढून ठेवली. म्हटलं, पाहुणीची झोपमोड नको."

"साठीचा घोडा झालास, पण खेचराला कळतं तेवढंही तुला कळेना."

सहाही खेचरं खाली कुरणाच्या कडेला पोचली होती. ड्यूई धावायला निघाला, तसं तिनं त्याचं मनगट धरलं. मागे लागलं की खेचर पुढेच पळतं. घंटा घेऊन ती खडकाच्या टोकावर गेली आणि घोडीच्या संथ चालीनं ती वाजवत राहिली. खेचरांनी कान टवकारले. एकामागून एक ती दगडी वाटेनं वर आली. शेवटच्याचे खूर चिखलानं भरले होते.

मग सगळे खाली उतरले. ओढ्याच्या दोन्ही काठांना कमरेएवढ्या लिली, नारिंगी फुलांवर तांबडे ठिपके. मरिसोलनं एकेक रोप मोजलं.

"तीनशे बारा."

"तेरा." अर्लीननं गवतातून एक मोडलेला देठ उचलला. "ही आमच्या खेचरानं मोडली. लिही."

"मला दिसलीच नव्हती."

"मला दिसली ना."

"झालं," ड्यूई पुटपुटला. "स्वतःच्या हातानं वाट बंद केलीस."

मरिसोलनं वहीची जुनी पानं चाळली. "दहा वर्षांपूर्वी इथं एकशे चाळीस होत्या." तिनं मोडलेली लिली नोंदवली, खाली सही केली. "वाट चालू राहील. अट एकच, घंटा झोपतानाही काढायची नाही."

"मग मी झोपू कसा?" ड्यूईनं विचारलं.

"तुझ्या घोरण्यात आम्ही झोपतोच की," अर्लीन म्हणाली, आणि घोडीच्या गळ्यात घंटा बांधायला ताठ मानेनं चढ चढू लागली.